सीझनची वही : साडी दुकानातील कर्मचारी नियोजन, नागपूर, दिवाळी २०२५

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

गेल्या वर्षी दिवाळी आटोपल्यावर पंधरा दिवसांत चार जणांनी काम सोडले. तिघांनी पगाराचे कारण सांगितले. चौथी, गादीवर अकरा वर्षे काढलेली आमची सर्वांत जुनी विक्रेती, हिशेब घेताना एवढेच म्हणाली, "पगाराचं काही नाही जी मॅडम. पण मागच्या दोन दिवाळीत लेकराले उटणं लावाले मी घरी नव्हती." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण नरकचतुर्दशीला सकाळी साडेआठला दुकान उघडण्याचा निर्णय व्यवस्थापक म्हणून माझा होता आणि त्या सकाळी अकरापर्यंत जेमतेम सात-आठ गिऱ्हाइके आली होती.

म्हणून या वर्षी नियोजनाची वही ऑक्टोबरऐवजी ऑगस्टमध्ये उघडत आहे. दुकान इतवारीत आहे. तळमजल्यावर साड्यांच्या सहा गाद्या आहेत, पहिल्या मजल्यावर तयार कपडे आहेत, तर दुसऱ्या मजल्यावर गोदाम आणि फॉल-पिकोची दोन मशीन आहेत. कायम कर्मचारी ३३ आहेत आणि सीझनसाठी आठ हंगामी मुले-मुली घ्यायची आहेत. दसरा २ ऑक्टोबरला, धनत्रयोदशी १८ला, लक्ष्मीपूजन २१ला, पाडवा २२ला आणि भाऊबीज २३ला आहे.

मालकांशी आज तासभर बोलणे झाले. सीझनमध्ये आठवडी सुट्टी सरसकट रद्द करण्याची या दुकानाची जुनी रीत आहे आणि ती बदलायची आहे असे मी म्हटल्यावर ते म्हणाले, "ऐन पेरणीच्या दिवसांत बैल सोडून द्यायचे म्हणता तुम्ही." पोळा चार दिवसांवर आला असल्यामुळे बैलालाही वर्षातून एक दिवस मिळतो हे मला लगेच सुचले, पण बोलले नाही. गेल्या नोव्हेंबरात चार जुनी माणसे गेल्यावर नव्या माणसांना शिकवण्यात किती महिने गेले, ते मात्र मांडले. शेवटी त्यांनी मान्य केले ते असे : आठवडी सुट्टी १५ ऑक्टोबरपर्यंत प्रत्येकाला मिळेल, १६ ते २१ या सहा दिवसांत कोणालाही मिळणार नाही, आणि बुडालेल्या सुट्टीची बदली सुट्टी दोन महिन्यांच्या आत द्यायची. महाराष्ट्राच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यात बदली सुट्टीची मुदत तेवढीच असल्यामुळे शेवटच्या मुद्द्यावर वाद घालण्यास फारशी जागा नव्हती.

बुधवार, २० ऑगस्ट

रजेचा कागद आज भिंतीवर लावला. दोन महिने आधी रजा कोण मागणार, असे बिलिंगवरच्या मुलाने हसत विचारले. त्याचे उत्तर रेल्वेच्या नियमात आहे. गेल्या वर्षी १ नोव्हेंबरपासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आली, त्यामुळे १९ ऑक्टोबरच्या गाडीचे आरक्षण आज सकाळी आठला उघडले. ज्याला रजा मिळणार की नाही हेच ठाऊक नाही, तो आज तिकीट काढू शकत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये आम्ही उदार होऊन रजा दिली तरी तोपर्यंत प्रतीक्षा यादी खूप लांबलेली असते. अशी उशिरा दिलेली रजा कागदावरच राहते.

याचा सर्वांत मोठा फटका फॉल-पिकोवरील आमच्या कारागिराला बसतो. तो मूळचा बिहारचा असून त्याच्यासाठी दिवाळीपेक्षा छठ मोठी. छठ या वर्षी २५ ते २८ ऑक्टोबर आहे. गेली तीन वर्षे त्याने अंबाझरी तलावावर जाऊन अर्घ्य दिले, कारण गावी जाण्याचे तिकीट कधीच मिळाले नाही. त्याला २३ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर अशी रजा आजच लेखी दिली. २३च्या गाडीचे आरक्षण येत्या रविवारी, २४ तारखेला उघडेल.

रविवार, २४ ऑगस्ट

कारागिराला जाण्याचे पक्के तिकीट मिळाले. काल मारबतीची मिरवणूक इतवारीतून निघाल्यामुळे दुकान दुपारनंतरच उघडले होते. आज गर्दी बरी होती. रजेच्या कागदावर १९ नावे आली आहेत.

गुरुवार, ४ सप्टेंबर

कालच्या एका दिवसात दोन निर्णय जाहीर झाले आणि दोन्हींचा आमच्या सीझनशी संबंध आहे.

पहिला राज्य मंत्रिमंडळाचा. दुकानांतील रोजच्या कामाची मर्यादा नऊ तासांवरून दहा तास आणि तीन महिन्यांतील ओव्हरटाइमची मर्यादा १२५ तासांवरून १४४ तास करण्यास मान्यता देण्यात आली. सकाळी दुकानाच्या व्हॉट्सअॅप गटावर ही बातमी फिरत होती आणि शटर उघडण्याआधीच दोघीजणी मला विचारायला आल्या की आता दिवाळीत दहा तास भरावे लागतील का. त्यांना तोंडी सांगून भागणार नाही हे लक्षात आले, म्हणून पाळ्यांचा तक्ता लगेच लिहून लावला. पहिली पाळी दहा ते सात, दुसरी बारा ते नऊ आणि तिसरी एक ते दहा. रोजचे तास नऊच राहतील, त्यापुढे थांबावे लागले तर दुप्पट दराने पैसे मिळतील, आणि कोण किती थांबले याची नोंद बिलिंगजवळच्या रजिस्टरमध्ये त्याच दिवशी, त्याच माणसाच्या सहीने होईल. तिसऱ्या पाळीत स्त्रिया नसतील. रात्री साडेनऊनंतर स्त्री कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही आणि संमती असली तरी तिला घरी पोहोचवण्याची सोय करावी लागते. मला मात्र संमतीच्या भानगडीत पडायचे नाही. मालक समोर उभे असताना दिलेली संमती ही संमती असते का, याबद्दल मला नेहमीच शंका वाटत आली आहे.

दुसरा निर्णय जीएसटीचा. २२ सप्टेंबरपासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के कर लागेल. आतापर्यंत हजार रुपयांपर्यंत ५ आणि पुढे १२ टक्के होता. याचा अर्थ पहिल्या मजल्यावरील जवळजवळ प्रत्येक कुर्त्याचे आणि शर्टाचे लेबल बदलावे लागणार, आणि हे काम नेमके घटस्थापनेच्या दिवशी पूर्ण झालेले दिसले पाहिजे. हे काम रात्री जागून करायचे नाही, एवढे आज ठरवले. कसे करायचे ते पुढे पाहू.

सोमवार, ८ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. सर्वपित्री अमावास्येपर्यंत, म्हणजे २१ तारखेपर्यंत, साडी घेणारे गिऱ्हाईक क्वचितच येते. दरवर्षी हा पंधरवडा आम्ही माशा मारत घालवतो आणि पुढच्या महिन्यात धाप लागेपर्यंत धावतो. या वर्षी दोन गोष्टी याच दिवसांत उरकायच्या आहेत. ज्यांच्या बदली सुट्ट्या महालक्ष्म्यांच्या गर्दीपासून थकल्या आहेत त्यांनी त्या आता घ्याव्यात, आणि हंगामी मुलांनी नवरात्रात येण्याऐवजी आजपासून यावे.

मालकांचा प्रश्न रास्त होता : रिकाम्या दुकानात आठ जास्तीच्या माणसांना पगार का द्यायचा? उत्तर देण्यासाठी मी गेल्या वर्षीचे रजिस्टर काढले. धनत्रयोदशीच्या आधीच्या रविवारी शेवटचे बिल रात्री १० वाजून ५ मिनिटांनी फाटले आहे आणि तळमजल्यावरील शेवटचा माणूस ११.३५ला बाहेर पडला आहे. मधला दीड तास गिऱ्हाइकांमुळे गेला नाही. तो घड्या घालण्यात गेला.

ज्याने साडीच्या दुकानात काम केलेले नाही त्याला हे सहसा लक्षात येत नाही. एक गिऱ्हाईक दोन साड्या घेण्यासाठी पंचवीस-तीस साड्या उलगडायला लावते, आणि तसे लावणे हा तिचा हक्कच आहे. सहा गाद्यांवर संध्याकाळी एकाच वेळी वीस-बावीस बायका बसलेल्या असतात. विक्रेतीला पुढची साडी दाखवायची असते, त्यामुळे मागची साडी तशीच बाजूला पडते आणि शटर खाली येते तेव्हा गाद्यांवर चारशेच्या वर मोकळ्या साड्यांचा ढीग असतो. प्रत्येक साडी काठाला काठ जुळवून, पदर वर दिसेल अशी, आपल्या खोक्यात आणि आपल्या लॉटमध्ये परत गेली पाहिजे, नाहीतर दुसऱ्या सकाळी सापडत नाही. जरीच्या साडीला जुन्याच मोडीवर पुन्हापुन्हा घडी पडली तर जर तुटते, म्हणून तिची मोड बदलावी लागते. सराईत हाताला एका साडीस मिनिटभर लागते आणि नव्या हाताला तीन मिनिटे. अकरा तास उभे राहून, बसून, हसून झाल्यावरचा हा दीड तास माणसाला सर्वांत जड जातो. आम्ही मात्र वर्षानुवर्षे त्याला काम मानलेच नाही आणि 'आवराआवर' म्हणून मोडीत काढले.

तेव्हा हंगामी आठ जणांपैकी सहा जण विक्रीला न बसवता केवळ घडीवर ठेवायचे. दर गादीमागे एक घडीवाला, संध्याकाळी पाच ते दहा, आणि साडी बाजूला पडली की त्याने उचलायची. त्यासाठी त्यांचा हात आता बसला पाहिजे. आज दुपारी आमच्या एका जुन्या विक्रेतीने सहा जणांना गोल बसवून शिकवणी घेतली. दोन मुले महाविद्यालयात शिकणारी आहेत. त्यातल्या एकाने पहिली नऊवारी घडी घालायला सात मिनिटे घेतली आणि ती उशीसारखी दिसत होती.

सोमवार, २२ सप्टेंबर

घटस्थापना. लेबलांचे काम गेल्या चार दिवसांत दुपारच्या वेळी झाले. नवी किंमत आधीच छापून जुन्या लेबलावर चिकटवली आणि संगणकातील दर काल रात्री दुकान बंद झाल्यावर बिलिंगवरच्या मुलाने बदलले. त्याला त्या बदल्यात आज दुपारी बाराला बोलावले.

आज दिवसभर खरा त्रास वेगळाच झाला. जीएसटी कमी झाल्याचे ऐकून आलेल्या बायका साड्यांवरही सूट मागत होत्या. साडी कापडात मोडते, तिच्यावर आधीही ५ टक्केच कर होता आणि आजही तेवढाच आहे, हे विक्रेत्यांनी सांगितले की गिऱ्हाइकाला वाटते आपल्याला फसवले. दुपारी तीनपर्यंत गादीवरच्या चौघींनी हे वाद मिळून पंचवीस-तीस वेळा घातले असतील. त्यातल्या एकीचा आवाज बसला होता. शेवटी मोठ्या अक्षरांत एक पाटी लिहून प्रत्येक गादीवर ठेवली आणि त्याखाली लिहिले की याबाबत शंका असल्यास व्यवस्थापकांना विचारावे. ही पाटी सकाळी दहाला हवी होती. कराचा बदल मला ४ तारखेपासून माहीत होता. मी लेबलांचा विचार केला, पण गादीवर बसलेल्या माणसाला दिवसभर काय ऐकून घ्यावे लागेल याचा केला नाही.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

पहिल्या मजल्यासाठी अकरा स्टुलांची खरेदी झाली. साड्यांच्या गादीवर निदान बसता तरी येते, पण तयार कपड्यांच्या काउंटरमागे माणूस नऊ तास उभाच असतो, आणि बसलेला दिसला तर आळशी ठरतो. केरळने २०१८मध्ये आणि तमिळनाडूने २०२१मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांसाठी बसण्याची सोय कायद्याने बंधनकारक केली. ती माणसांनी कशासाठी मागितली असेल हे कोणत्याही दुकानात रात्री आठ वाजता घोट्यांकडे पाहिले की कळते.

स्टूल आले, पण संध्याकाळपर्यंत एकही जण बसला नाही. मालक वर येतात म्हणून सगळे उभेच. सात वाजता मी स्वतः काउंटरमागे स्टूल ओढून बसले आणि तिथूनच दोन गिऱ्हाइकांची बिले केली. मग एकेक जण टेकला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

कालच्या दसऱ्याची नोंद सविस्तर करायला हवी, कारण याबाबतीत नागपुरातील दुकानाला इतर शहरांसारखे वागून चालत नाही. दसरा हा खरेदीचा मुहूर्त आहे आणि त्याच वेळी धम्मचक्र प्रवर्तन दिनही आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी येथे बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तो दिवस अशोक विजयादशमीचा होता, म्हणून दीक्षाभूमीवर लाखो लोक दसऱ्यालाच येतात. आमच्या ३३ पैकी नऊ जण बौद्ध आहेत. त्यांच्या घरी त्या दोन-तीन दिवसांत मराठवाड्यातून, बुलढाण्या-अकोल्याकडून पाहुणे येतात, काहींच्या वस्तीतील मंडळे येणाऱ्यांसाठी भोजनदानाचे मंडप घालतात, आणि वर्षातील कोणता एक दिवस हवा असे विचारले तर ते नऊही जण हाच दिवस सांगतील. दिवाळीची रजा सर्वांना सारखी वाटून दिली की आपण न्याय केला, असे मी पहिली काही वर्षे समजत असे. ज्याचा सण दसऱ्याला आहे त्याला पाडव्याची सुट्टी देऊन त्याचे समाधान व्हावे अशी अपेक्षा धरणे बरोबर नाही, हे मला एका पॅकिंगवाल्या भाऊंनी न रागावता समजावले होते.

या वर्षी २ ऑक्टोबर असल्यामुळे दिवस तसाही कायद्याने भरपगारी सुट्टीचा होता. त्या दिवशी काम करून घेतले तर दुप्पट वेतन आणि वर बदली सुट्टी द्यावी लागते. नऊ जणांना १ ते ३ अशी तीन दिवसांची रजा ऑगस्टमध्येच दिलेली होती. उरलेल्यांपैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी दुप्पट वेतनावर यावे असे विचारले तेव्हा चौदा जण तयार झाले. दुकान दुपारी एकला उघडून आठला बंद केले. एक गादी मांडलीच नाही. त्या नऊ जणांनी आपणहून सांगितले की नरकचतुर्दशीच्या सकाळी आणि पाडव्याला दुकान आम्ही सांभाळू. मागितले नव्हते. तरी ते गृहीत धरायचे नाही, म्हणून पाडव्याचे दुप्पट वेतन तक्त्यात लिहून ठेवले.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज बोनस सर्वांच्या खात्यात जमा झाला. कायद्यानुसार तो किमान ८.३३ टक्के, म्हणजे ढोबळमानाने एका महिन्याच्या हिशेबी वेतनाइतका, द्यावा लागतो. मार्चअखेर वर्ष संपणाऱ्या दुकानाला त्यासाठी ३० नोव्हेंबरपर्यंतची मुदत असते. या बाजारात अनेक जण तो लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाकिटातून देतात. त्यामागचे कारण कोणी बोलून दाखवत नाही, पण सर्वांना ठाऊक आहे : पैसे हातात पडले की माणूस जाईल. आमचे मालकही तसेच म्हणाले. परंतु लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाला मिळालेल्या बोनसमधून मुलांचे कपडे कधी घ्यायचे? गेल्या वर्षी आमच्या सहा-सात जणांनी कपड्यांसाठी माझ्याकडे उचल मागितली होती. दुकान कपड्यांचे, आणि त्यातील माणसे लेकरांच्या कपड्यांसाठी उचल मागतात, हे मला तेव्हाच खटकायला हवे होते.

दुसरा एक प्रश्न याच आठवड्यात निकाली निघाला. दरवर्षी आम्ही मिठाईचा डबा देतो. या वर्षी आधी विचारले. स्त्री कर्मचाऱ्यांपैकी बहुतेकींनी सांगितले की डबा नको, फराळासाठी एक अख्खा दिवस द्या. रात्री साडेनऊला घरी पोहोचून स्वयंपाक उरकल्यावर बाराच्या पुढे चकल्या पाडायच्या आणि सकाळी पुन्हा दहाला गादीवर, हे त्यांच्या सीझनचे रूप मी कधी तक्त्यात मांडलेच नव्हते. त्यामुळे ६ ते १५ ऑक्टोबर या काळात आठवडी सुट्टीखेरीज एक जादा भरपगारी दिवस सर्वांना दिला, पुरुषांनाही. एका विक्रेत्या भाऊंनी घरी जाऊन खरोखर चिवडा केला असे सांगून तो डब्यात आणला. शेंगदाणे थोडे करपले होते. सर्वांनी खाल्ला.

रविवार, १२ ऑक्टोबर

संध्याकाळी ६.४०ला बिलिंगचा संगणक बंद पडला तो ७.२०पर्यंत. रांगेत चाळीसेक गिऱ्हाइके होती. कॅशवरची मुलगी वर्षभरापूर्वीच लागली आहे. एका गृहस्थांनी तिच्या अंगावर बिलाची चिठ्ठी भिरकावली आणि "तुला जमत नसेल तर उठ" असे ओरडले. मी तेव्हा गोदामात होते, खाली यायला सहा-सात मिनिटे लागली.

आल्यावर तिला आधी खुर्चीवरून उठवले, मागे पाणी प्यायला पाठवले आणि तिच्या जागी स्वतः बसून हाताने बिले लिहिली. त्या गृहस्थांना शांतपणे सांगितले की संगणक बंद आहे, हिची चूक नाही, आणि आपण तिच्याशी नीट बोलावे. ते साड्या टाकून निघून गेले. सात हजारांचे बिल होते. मालकांना मीच फोन करून कळवले, कारण असे प्रसंग दुसऱ्याच्या तोंडून गेले की त्यांचे रूप बदलते. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "जाऊ द्या. उद्या छापील बिलबुकं मागवून ठेवा."

मुलगी अर्ध्या तासाने परत आली. तिने रडून घेतले होते हे दिसत होते. मी काही विचारले नाही, फक्त सांगितले की आजपासून गर्दीच्या वेळी कॅशवर एकटे कोणीच बसणार नाही. दर दिवशी पाच ते नऊ या वेळेत मी किंवा माझे सहव्यवस्थापक कॅशच्या बाजूला उभे राहू. गोदामाची कामे सकाळी उरकायची.

बुधवार, १५ ऑक्टोबर

माझी एक चूक आज उघडी पडली. पाडव्याच्या रजा मी नोकरीच्या ज्येष्ठतेनुसार दिल्या होत्या. गोदामातील एका मुलाचे लग्न मे महिन्यात झाले. त्याचा हा पहिलाच दिवाळसण, सासुरवाडी वर्ध्याला, पण नोकरीत सर्वांत नवा म्हणून त्याचे नाव पाडव्याच्या कामाच्या यादीत. तो स्वतः लाजून काही बोलला नाही. गोदामातील काका दुपारी सहज म्हणाल्यासारखे बोलले, "काहून जी मॅडम, जावयाले सासऱ्याकडं एकट्या बायकोले पाठवा लागते का यंदा?" तिथे सगळे हसले आणि मला कळले. काकांनी आपली पाडव्याची रजा त्याला दिली. काकांना त्याऐवजी २४ आणि २५ असे दोन दिवस दिले. यापुढे रजेच्या कागदावर कारणाचा एक रकाना ठेवायचा, ऐच्छिक.

शनिवार, १८ ऑक्टोबर

धनत्रयोदशी. लिहायला वेळ नाही. सर्व स्त्रिया ९.१०पर्यंत बाहेर पडल्या. शटर १०.१५ला. तळमजला १०.३५ला रिकामा झाला.

सोमवार, २० ऑक्टोबर

कालचा रविवार वर्षातील सर्वांत मोठा दिवस ठरला. संध्याकाळी सहानंतर गाद्यांवर बसायला जागा नव्हती. घडीवाल्यांपैकी एक मुलगा तापाने आला नाही आणि त्याची गादी आठ वाजताच ढिगाखाली गेली. माझ्या सहव्यवस्थापकांनी कोट काढून ठेवला आणि नऊ ते सव्वादहा घड्या घातल्या. त्यांच्या घड्या आज सकाळी पुन्हा घालाव्या लागल्या ही गोष्ट वेगळी.

नऊ वाजता विक्रेत्या उठल्या तेव्हा दोन गिऱ्हाइके अर्धवट होती. ती तिसऱ्या पाळीतील पुरुषांनी पुढे घेतली. एका बाईंना हे आवडले नाही, "मला त्याच ताई हव्यात" असे त्या म्हणाल्या. ताईंच्या घराकडे जाणारी शहर बस, 'आपली बस', चुकेल असे सांगितल्यावर त्या पुटपुटत का होईना, पण थांबल्या आणि त्यांनी तीन साड्या घेतल्या.

आज नरकचतुर्दशीला दुकान बारा वाजता उघडले. साडेबाराला पहिले गिऱ्हाईक आले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

भाऊबीजेला दुकान पूर्ण बंद होते. २४पासून नेहमीची वेळ सुरू झाली. हिशेब असा : ओव्हरटाइमचे एकूण १८६ तास भरले. गेल्या वर्षीचा आकडाच नाही, कारण तेव्हा आम्ही तो मोजलाच नव्हता, त्यामुळे तो वाढला की घटला हे सांगता येत नाही. मालकांना दुप्पट दराची रक्कम पाहून धक्का बसला. मी त्यांना एवढेच म्हटले की हे तास पूर्वीही होते, फक्त त्यांचे पैसे कर्मचारी भरत होते. विक्री गेल्या वर्षीपेक्षा चांगली झाली. त्याचे श्रेय नियोजनाला द्यावे असे मालकांना वाटते, पण मला तसे छातीठोकपणे म्हणता येत नाही. या वर्षी कर घटल्यामुळे तयार कपड्यांचे गिऱ्हाईक तसेही वाढलेले होते.

एक राजीनामा आला. पहिल्या मजल्यावरील विक्रेत्याला दुसरीकडे तीन हजार जास्त मिळतात. त्याला थांबवण्याइतकी रक्कम माझ्या अधिकारात नाही. त्याने १५ तारखेपर्यंत थांबून नव्या माणसाला शिकवण्याचे कबूल केले.

सोमवार, १० नोव्हेंबर

१६ ते २१ ऑक्टोबर या काळात २७ जणांची आठवडी सुट्टी बुडाली होती. त्यांपैकी १९ जणांनी बदली सुट्टी घेतली. आठ बाकी आहेत, त्यांच्या तारखा आज त्यांच्याकडूनच लिहून घेतल्या. शेवटची १२ डिसेंबरची आहे. दसऱ्याला आलेल्या चौदा जणांच्याही सुट्ट्या त्याच रजिस्टरमध्ये वेगळ्या पानावर चालू आहेत.

फॉल-पिकोचा कारागीर ३ तारखेला यायचा तो ७ला आला. जाण्याचे तिकीट ऑगस्टमध्ये काढले, पण परतीचे काढायचे राहून गेले होते. रजा देताना त्याला दोन्ही तिकिटांची आठवण मी करून द्यायला हवी होती. मधल्या चार दिवसांत फॉलसाठी १४० साड्या साठल्या. तुळशीचे लग्न २ तारखेला झाले, त्यामुळे आता लग्नसराईच्या साड्या रोज वीस-पंचवीस येत राहतील. दुसऱ्या मशीनवर बसायला हंगामी मुलांपैकी एक मुलगी तयार आहे. तिला महिनाभर ठेवून घेण्यास मालकांनी होकार दिला. लग्नसराईच्या रजेचा कागद उद्या भिंतीवर लागेल, कारणाच्या रकान्यासह.